बांधावरचा कोतवाल आणि रानातला कोतवाल

डिसेंबरात सकाळी राधानगरीच्या रानात शिरलं की उंच झाडाच्या वाळक्या फांदीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी दिसतोच. बरोबरचं कुणीतरी लगेच म्हणतं, 'हा तर आपला कोतवाल!' बहुतेक वेळा तो आपला नसतो. तो असतो राखी कोतवाल, उत्तरेकडच्या डोंगरांतून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा.

घोळ होतो रंगामुळं. ऊन पक्ष्याच्या मागून आलं की राखाडीसुद्धा काळाकुट्ट दिसतो. म्हणून मी रंग शेवटी बघतो. आधी बघायचं ते हे, की बसलाय कुठं आणि झेप घेतोय कुठं.

आपला काळा कोतवाल उघड्यावरचा. विजेची तार, बांधावरची बाभूळ, म्हशीची पाठ. सध्या ऊसतोड सुरू आहे, एखाद्या फडाजवळ दहा मिनिटं उभे राहा. कोयता चालला की पाचटातनं किडे उडतात आणि हा तारेवरून थेट जमिनीवर येऊन टोळ उचलतो. पाचट पेटवलं तरी धुराच्या कडेला हजर. राखी कोतवाल जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याची शिकार वरच्या वर, हवेत.

गेल्या रविवारी दाजीपूरच्या वाटेवर असाच एक बराच वेळ बघायला मिळाला. फांदीवरून सुटला, हवेत गिरकी घेऊन माशी धरली आणि परत त्याच फांदीवर. माशी दोनदा आपटली, गिळली, मग चोच आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं फांदीला घासली. त्यानं मान वळवली तेव्हा डोळा दिसला, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल! काळ्या कोतवालाचा डोळा इतका झळकत नाही. त्याच्या चोचीच्या मुळाशी मात्र बारीक पांढरा ठिपका असतो. लांबून तो दिसेलच असं नाही, म्हणून ठिपका दिसला नाही तर लगेच निकाल देऊ नका.

आवाजावर तर अजिबात विसंबू नका, दोघंही पक्के नकलाकार. आणि शेपटीतून दोन लांब तारा निघून टोकाला पिसांचे झुबके असतील, तर तो तिसराच, भृंगराज.

फेब्रुवारीच्या सुमारास सावर आणि पांगारा फुलले की त्यांच्याखाली थांबा. मधासाठी आणि फुलांवरच्या किड्यांसाठी राखी कोतवाल तिथं येतो. उन्हाळा लागला की तो उत्तरेला निघून जातो.