स्कॉटलंडमधील चर्चची घरे : १८४३ च्या फुटीपासूनची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातील एखादे जुने चर्च आलिशान निवासस्थान म्हणून विक्रीस निघाले, की जाहिरातीत टोकदार कमानींच्या खिडक्या, उंच छताखालचा दिवाणखाना, सज्जावर काढलेली शयनगृहे आणि सभोवारचा एकांत यांचे वर्णन हटकून येते. ही इमारत घर का झाली, याचे कारणही बहुधा एका वाक्यात आटोपलेले असते: लोकांनी उपासनेला जाणे सोडले आणि चर्च ओस पडली. हे कारण खोटे नसले तरी अपुरे आहे. उपासक भरपूर होते त्या काळातही इथल्या अनेक खेड्यांत गरजेपेक्षा जास्त चर्च उभी होती, आणि त्यामागे धर्माच्या क्षेत्रातील भाऊबंदकीचा मोठा इतिहास आहे.

अठराव्या शतकात, १७३३ आणि १७६१ मध्ये, प्रस्थापित चर्चमधून, म्हणजे राज्यमान्य चर्च ऑफ स्कॉटलंडमधून, लहान गट बाहेर पडले होते. मोठी फूट पडली ती १८ मे १८४३ रोजी. मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या उपासकांच्या समूहाचा, पाळक (धर्मगुरू) कोणी नेमायचा, हा वादाचा मुद्दा होता. १७१२ च्या कायद्याने तो अधिकार बहुतांशी जमीनदारांच्या हाती गेला होता, आणि मंडळीला नको असलेला पाळकही न्यायालये तिच्यावर लादू शकतात, हे १८३८-३९ च्या सुमारास स्पष्ट झाले. एडिंबरोतील महासभेतून, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेतून, १८४३ मध्ये जे बाहेर पडले त्यांच्यामागे सुमारे १,२०० पाळकांपैकी ४५० हून अधिक गेले. त्यांनी पगार, घर आणि चर्चची इमारत यांवर एकदमच पाणी सोडले. या फुटीची झळ मुंबईपर्यंत पोहोचली. तेथील स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाहेर पडलेल्यांची बाजू घेतली, मिशनच्या शाळेची इमारत प्रस्थापित चर्चकडे राहिली आणि शाळेला दुसरीकडे बस्तान हलवावे लागले. गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज त्याच शाळेच्या परंपरेतले आहे.

बाहेर पडलेल्यांनी वेगळी चूल मांडून स्थापलेल्या फ्री चर्चने पहिल्या चार वर्षांत सुमारे ७०० इमारती उभारल्या. पैसा वर्गणीचा होता आणि घाई मोठी होती, त्यामुळे नक्षीकामाला फारसा वाव नव्हता. चार दगडी भिंती, उंच छप्पर, प्रवचन सर्वांना ऐकू जाईल असे पुलपीट (प्रवचनाचा उंच मंच) आणि जास्त माणसे मावावीत म्हणून आतून सज्जा, एवढ्यावर काम भागत असे. पुढे घर करताना हाच साधेपणा उपयोगी पडला. आत खांबांची दाटी नाही, बाजूंना लहान प्रार्थनागृहे नाहीत, आणि मजला टाकायचा तर सज्जाची पातळी आधीपासून तयार असते.

जागेची गोष्ट अधिक बोलकी आहे. पाळक नेमण्याचा हक्क ज्यांच्याविरुद्ध मागितला होता, जमीनही त्यांचीच होती. अनेक जमीनदारांनी नव्या चर्चला जागा नाकारली, आणि मंडळ्यांना रस्त्याच्या कडेला, समुद्रकिनाऱ्यावर, पावसात उघड्यावर उपासना करावी लागली. पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्रॉन्शियन येथे तर जागा मिळेना म्हणून १८४६ मध्ये क्लाइड नदीवर लोखंडी तरंगते चर्च बांधून घेतले आणि ते लॉख सुनार्ट या खाडीत नांगरून ठेवले. प्रकरण इतके वाढले की १८४७ मध्ये संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली. अखेर जागा मिळाल्या, पण अनेक ठिकाणी त्या गावाबाहेरच्या आणि अडचणीच्या होत्या. आज त्यांचीच ‘एकांत’ आणि ‘अबाधित दृश्य’ अशी किंमत लावली जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एका गावात दोन-दोन, तीन-तीन चर्च होण्याचा पुढचा टप्पा १९०० चा. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला फ्री चर्चचा फार मोठा भाग, आधीच्या फुटींतून तयार झालेल्या दुसऱ्या मोठ्या चर्चशी एकरूप झाला. तीसहून कमी पाळक असलेला एक गट मात्र त्यात गेला नाही. हे लोक मुख्यतः उत्तरेच्या डोंगराळ, गेलिक भाषिक भागातली होती. मूळ फ्री चर्च आम्हीच आहोत आणि मालमत्ता आमची आहे, असा दावा त्यांनी लावला. स्कॉटलंडच्या न्यायालयाने तो फेटाळला. लंडनमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे अपील चालू असताना, निकालापूर्वीच एका न्यायाधीशाचे निधन झाले, म्हणून सुनावणी पुन्हा घ्यावी लागली, आणि १ ऑगस्ट १९०४ रोजी पाच विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल एकीकरणाबाहेर राहिलेल्या या लहान गटाच्या, म्हणजे अल्पमताच्या, बाजूने गेला.

हा निकाल आजही विचित्र म्हणून सांगितला जातो, पण त्यामागचा विचार सरळ होता. देणगीदारांनी पैसा विशिष्ट तत्त्वे मानणाऱ्यांसाठी विश्वस्तांकडे सोपवला होता. ती तत्त्वे बदलण्याचा अधिकार बहुमताला चर्चच्या मूळ घटनेने (नियमावलीने) दिलेला नव्हता. म्हणून तत्त्वे सोडणाऱ्याचा मालमत्तेवरचा हक्क गेला, मग संख्या कितीही असो. १८४३ मध्ये बाहेर पडलेल्यांनी सरकारी हस्तक्षेप नाकारला होता, परंतु धर्माला आधार देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व सोडले नव्हते. १९०० च्या एकीकरणात ते ऐच्छिक ठरले. अल्पमताला ‘मूठभर हटवादी’ म्हणून हिणवणाऱ्या वृत्तपत्रांनी हा मुद्दा क्वचितच नीट मांडला. अडचण तत्त्वाची नव्हती, ती अंमलबजावणीची होती. हजाराच्या आसपास चर्च, पाळकांची घरे, एडिंबरोतील महाविद्यालय आणि परदेशातील मिशनची मालमत्ता ज्यांच्या पदरी पडली, त्यांच्याकडे रविवारी तेवढ्या ठिकाणी उभे राहायला पाळकच नव्हते.

१९०५ मध्ये संसदेने खास कायदा करून वाटणीसाठी आयोग नेमला. ज्या मंडळीतील निदान एक तृतीयांश सभासद अल्पमताकडे होते, तेथील इमारत त्यांना मिळावी, असा ढोबळ नियम ठरला. परिणामी काही गावांत बहुसंख्य मंडळीला स्वतःच्या पूर्वजांनी बांधलेले चर्च सोडून नवे बांधावे लागले. म्हणजे प्रस्थापित चर्चची एक इमारत, १८४३ नंतरची दुसरी आणि १९०५ नंतरची तिसरी, अशी स्थिती काही शेकडा वस्तीच्या खेड्यांतही आली.

२ ऑक्टोबर १९२९ रोजी प्रस्थापित चर्च आणि १९०० मध्ये एकरूप झालेले चर्च या मोठ्या दोन पक्षांचे पुन्हा एकीकरण झाले, आणि या जादा इमारती एकाच मालकाच्या हिशेबात आल्या. मंडळ्या जोडल्या जाऊ लागल्या, दोनांपैकी एक चर्च बंद होऊ लागले. या एकत्रित चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या १९५६ मध्ये १३ लाखांवर, म्हणजे शिखरावर होती, हे इथे विसरता येत नाही. ओहोटी त्यानंतरची आहे. ती इतकी तीव्र ठरली की आज हा आकडा ३ लाखांच्याही खाली आहे. २०२१ पासून या चर्चच्या प्रादेशिक सभांना आपल्या सर्व इमारतींची ‘राखायच्या’ आणि ‘सोडायच्या’ अशी विभागणी करावी लागली, आणि विक्रीस निघालेल्या चर्चची संख्या त्यामुळे एकदम वाढली.

विक्रीच्या कागदपत्रांत आणि विशेषतः जाहिरातींत ‘पावित्र्य काढून घेतलेले चर्च’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग सर्रास दिसतो. इंग्लंडमध्ये त्याला कायद्याचा आधार आहे, कारण तेथील प्रस्थापित चर्चची इमारत विधिपूर्वक अर्पण केलेली असते आणि ते बंधन रीतसर उठवावे लागते. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत, म्हणजे वर सांगितलेली सर्व चर्च ज्या पंथातली आहेत त्यात, इमारत स्वतः पवित्र मानलीच जात नाही. शेवटची उपासना होते, दार बंद होते आणि विश्वस्त विक्री करतात.

विक्रीनंतर नियम बदलतात. वापरात असलेल्या वारसा (कायद्याने जतनासाठी नोंदलेल्या) चर्चला आतील फेरबदलांसाठी असलेली सवलत संपते. वापर बदलण्याची आणि वारसा इमारतीत काम करण्याची, अशा दोन्ही परवानग्या लागतात. वाद बहुधा मजल्यावरून होतो. मधला मजला उंच खिडकी कापतो, म्हणून तो काचेपासून मागे सरकवा, असा आग्रह नियोजन अधिकारी धरतात. छपरात वटवाघळे असल्यास संरक्षित प्रजाती म्हणून आधी पाहणी होते आणि काम लांबते. २००३ च्या भूसुधारणा कायद्याने गावालाही इमारत विकत घेण्यासाठी नाव नोंदवता येते, पण पैसा उभा करणे हे खेड्याला जमतेच असे नाही.

दफनभूमीचा प्रश्न जुन्या पॅरिश चर्चपुरताच, म्हणजे प्रस्थापित चर्चच्या गावोगावच्या मूळ इमारतींपुरताच, येतो, कारण फ्री चर्चच्या इमारतींना ती सहसा नसते. १९२५ च्या कायद्याने या दफनभूमी चर्चकडून स्थानिक प्रशासनाकडे, म्हणजे आजच्या स्थानिक परिषदेकडे, गेल्या. त्यामुळे घर खरेदीदाराचे आणि खिडकीबाहेरची थडगी परिषदेची, अशी स्थिती असते; थडग्यांपर्यंतची वाट नातेवाइकांसाठी खुली राहते आणि गवत कापायला परिषदेचीच माणसे येतात.