रक्त आमचं, मग प्रश्न कोण ठरवणार?

अमेरिकेत ग्रँड कॅनियनच्या पार तळाशी हवासुपाई नावाचे आदिवासी राहतात, जेमतेम साडेसहाशे लोक, गावात गाडीरस्ता नाही, टपाल अजूनही खेचरांवरून उतरतं. यांच्यात डायबेटिस भयंकर वाढलेला, म्हणून १९९० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे संशोधक आले तेव्हा लोकांनी रक्त दिलं. साखरेचं कारण जनुकांमध्ये सापडतंय का ते बघणार, अशी लोकांची समजूत. तसं काही हाती लागलं नाही, पण सॅम्पल्स राहिले फ्रीझरमध्येच आणि पुढे त्यांच्यावर स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, जवळच्या नात्यातली लग्नं, पूर्वज आशियातून आले का, असल्या विषयांवर काम झालं. सिमकार्डसाठी दिलेली आधारची झेरॉक्स भलतीकडेच वापरावी तसला प्रकार.

संमतीच्या फॉर्मवरचे शब्द इतके मोघम होते की त्यात काहीही बसलं असतं. आणि रक्ताची गंमत अशी आहे की ब्लड प्रेशर मोजलं की तो एक आकडा मिळतो आणि विषय संपतो, पण डीएनएला आज एक प्रश्न विचारा, वीस वर्षांनी दुसरा, ते संपतच नाही. त्यात एवढीशी जमात, सगळे एकमेकांचे नातेवाईक, मग ट्यूबवरचं नाव खोडून काय उपयोग? 'हवासुपाई' एवढं छापलं की अख्ख्या गावावर शिक्का बसला.

२००३ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीत शिकणारी कार्लेटा टिलूसी ही हवासुपाई मुलगी एका पीएचडीच्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिने सरळ विचारलं, या कामासाठी आमच्या लोकांची परवानगी घेतली होती का? तिथून प्रकरण कोर्टात गेलं, २०१० मध्ये समझोता झाला, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले, उरलेलं रक्त परत मिळालं. मला यात पैशापेक्षा ती मुलगी त्या खोलीत होती हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बाकी कुणाला तो प्रश्न सुचलाच नव्हता.

आता याच्या उलट, कॅनडातलं मॉन्ट्रियलजवळचं काहनावाके बघा, मोहॉक आदिवासींची वस्ती. १९८० च्या दशकात तिथल्याच दवाखान्यातल्या दोन डॉक्टरांनी (त्यातले एक, लुई माँटूर, स्वतः मोहॉक) जुने केसपेपर काढून हिशोब केला, तर ४५ ते ६४ वयात १२ टक्के लोकांना टाइप २ डायबेटिस, म्हणजे बाहेरच्यांच्या दुप्पट. हे त्यांनी आधी गावाला सांगितलं. गाव म्हणालं, आमचं झालं ते झालं, पोरांसाठी काहीतरी करा. १९९४ मध्ये शाळांमधून प्रकल्प सुरू झाला, मॅकगिलसारख्या युनिव्हर्सिटीचे संशोधक आले खरे पण सल्लागार मंडळ गावाचं. शाळेत जंक फूड बंद, आरोग्याचे धडे वर्गशिक्षकच घेणार, चालायला वाट बांधली.

आणि मेन म्हणजे संशोधनाची नियमावली लिहून काढली. डेटा कुणाच्या ताब्यात, निष्कर्ष आधी कुणाला दाखवायचे, सगळं त्यात. एक कलम तर मला फारच आवडतं: निष्कर्षाच्या अर्थावरून गाव आणि संशोधक यांचं पटलं नाही तर कुणी कुणाचं तोंड दाबायचं नाही, दोन्ही मतं शेजारी शेजारी छापायची. या प्रकल्पात पहिल्यापासून असलेले ॲलेक्स मॅकोम्बर मूळचे शिक्षक, ते पुढे मॅकगिलच्या मेडिकल फॅकल्टीत शिकवायला लागले, म्हणजे गावातला माणूस आता डॉक्टरांना शिकवतोय.

एवढं सगळं करून पोरांची वजनं उतरली का? नाही. आठ वर्षांच्या मोजणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) उलट वाढलेलाच दिसला, त्वचेखालच्या चरबीत सुरुवातीला जरा फरक दिसला होता तेवढाच. २००५ मध्ये हे जसंच्या तसं छापलं, आणि प्रकल्प बंद न करता पुढे चालू ठेवला.