गच्चीवरच्या उन्हात छापलेलं सर्किट

मे महिन्यात भुसावळला दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. एका कोपऱ्यात आईचे बिबडे वाळत असतात, दुसऱ्या कोपऱ्यात माझं सर्किट. विहिरीतल्या पाण्याची पातळी सांगणारं, अगदी साधं. बघणाऱ्याला वाटतं, बोर्डही उन्हात 'भाजून' निघतोय. पण त्या तापाचा इथे काडीचा उपयोग नाही.

तांब्याच्या बोर्डावर निळसर ड्राय फिल्म, म्हणजे प्रकाशाने पक्का होणारा पातळ थर, चिकटवलेली असते. तिच्यावर सर्किटच्या रेषा मोकळ्या सोडून बाकी काळी छापलेली पारदर्शक शीट ठेवायची. अतिनील किरण पडले की तिच्यातले काही रेणू तुटतात आणि ते तुकडे शेजारच्या रेणूंना एकमेकांत गुंफत नेतात. गुंफलेला भाग धुण्याच्या सोड्याला दाद देत नाही. काळ्या छपाईच्या सावलीतला भाग मात्र विरघळून जातो. लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम सोडा पुरतो. मग उघड्या पडलेल्या तांब्याला फेरिक क्लोराईड हे रसायन खाऊन टाकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते हाताळायचं.

रेणू तोडायचा तर प्रकाशाच्या एकाच कणात तेवढा जोर हवा. 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील कणात सुमारे 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, लाल प्रकाशाच्या कणात 2 पेक्षाही कमी, आणि उष्ण वाटणाऱ्या अवरक्त किरणांच्या कणात त्याहून कमी. असे दुबळे कण कितीही आले तरी हे काम होत नाही. म्हणूनच फिल्म पिवळ्या दिव्याखाली निर्धास्त हाताळता येते. 1801 साली योहान रिटर यांना हे न दिसणारे किरण सापडले तेही असेच: जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे सिल्व्हर क्लोराईड सर्वांत लवकर काळं पडलं.

माझी खरी फसगत झाली ती बोर्ड उन्हात किती वेळ ठेवायचा यात. सकाळी आठला जमलेला वेळ भर दुपारी वापरला आणि दोन रेषांमधली फट बुजून गेली. सूर्य खाली असताना किरणांना हवेतून लांबची वाट तुडवावी लागते, आणि त्या वाटेत अतिनील प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा जास्त विखुरतो. डोळ्यांना ऊन लख्ख दिसतं, फिल्मला ते अपुरं असतं.

तेव्हापासून आधी फिल्मचा एक तुकडा पुठ्ठ्याखाली ठेवतो आणि दर 10 सेकंदांनी पुठ्ठा बोटभर सरकवतो. सोड्यात धुतल्यावर जो पट्टा टिकतो आणि ज्याच्या फटीही मोकळ्या राहतात, तो त्या घटकेचा वेळ. छपाईची बाजू फिल्मला टेकवून वर काच दाबायची, नाहीतर प्रकाश काळ्या भागाखाली शिरतो. ढग आला की नवा तुकडा.