साथकाळातील विचारपद्धती आणि आत्महत्येची जोखीम

साथ, टाळेबंदी अशा सार्वजनिक आरोग्य संकटात माणसाच्या विचारांना लागणारे ठरावीक वळण आणि त्यातून वाढणारी आत्महत्येची जोखीम, हा मनोविकारशास्त्र व साथरोगशास्त्र यांच्या सीमेवरचा विषय आहे. प्रस्तुत नोंदीत कोविड-१९ च्या साथीचा आणि सोलापुरातील यंत्रमाग व विडी कामगारांच्या परिस्थितीचा विशेष विचार केला आहे.

नेमका कोणता विचार घातक, याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी विचारांच्या आकुंचनावर भर दिला : असह्य वेदनेत माणसाला दोनच वाटा दिसतात, मधल्या दिसेनाशा होतात. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये निराशा मोजण्यासाठी २० विधानांची श्रेणी (मोजपट्टी) तयार केली; गुण जितके जास्त, तितकी निराशा अधिक. आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २०७ रुग्णांच्या त्यांच्या पाहणीत (१९८५) पुढील ५ ते १० वर्षांत १४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी बहुतेक जणांचे गुण या श्रेणीवर १० किंवा अधिक होते. टॉमस जॉयनर (२००५) यांनी ‘मी इतरांवर ओझे आहे’ ही भावना आणि एकाकीपणा यांना मध्यवर्ती मानले, तर रोरी ओकॉनर (२०११) यांनी पराभव व कोंडी यांना. साथकाळापुरते पाहता ओझे आणि कोंडी या दोन संकल्पना अधिक उपयोगी ठरतात, कारण टाळेबंदीत कोंडी प्रत्यक्षातच असते. मात्र ५० वर्षांतील ३६५ अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात कोणत्याही एका घटकावरून केलेले भाकीत योगायोगापेक्षा किंचितच सरस आढळले. त्यामुळे श्रेणीवरचे गुण कमी आले म्हणून धोका नाही, असे मानू नये.

साथीत आत्महत्या वाढतात का, याचे उत्तर कालखंडावर अवलंबून दिसते. २१ देशांच्या आकडेवारीत कोविड साथीच्या पहिल्या काही महिन्यांत वाढ आढळली नाही. जपानमध्ये फेब्रुवारी ते जून २०२० या काळात प्रमाण सुमारे १४ टक्के घटले आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये १६ टक्के वाढले. स्त्रियांमधील वाढ ३७ टक्के होती. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२१ मधील दर चौथी व्यक्ती रोजंदारीवरची होती. ही नोंद पोलिसी तपासावर आधारलेली असल्याने खरा आकडा याहून मोठा असण्याची शक्यता अभ्यासक मानतात.

सोलापुरात विड्या वळण्याचे काम मुख्यतः स्त्रिया घरी, नगावर करतात. पान-तंबाखू मिळाली नाही की त्या दिवसाची मजुरी बुडते. टाळेबंदीत यंत्रमागही बंद पडले, तेव्हा अनेक घरांतील दोन्ही कमाया एकदम थांबल्या. कर्जहप्त्यांना मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची मुभा होती, पण व्याज चालूच राहिले.

अशा वेळी सगळेच विचार ‘विकृत’ नसतात, आणि समुपदेशनाची गाडी बहुधा इथेच घसरते. ‘काम गेले, हप्ता थकला’ ही वस्तुस्थिती आहे. ‘मी नसले तर घरात खाणारे एक तोंड कमी’ हा निष्कर्ष आहे. पहिली मान्य करावी, दुसरा तपासावा. थकीत रक्कम, सावकार किंवा कर्ज देणाऱ्या गटाचे नाव आणि पुढची तारीख कागदावर उतरवून या आठवड्यात नेमके काय द्यायचे आहे एवढेच वेगळे काढले, की ‘सगळेच संपले’ याला एक आकडा मिळतो. ‘सगळ्यांचंच असं चाललंय’ हे सांत्वन बोलणे तिथेच थांबवते.

आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही. ‘जगू नये असं वाटतं का? तसं काही करायचं ठरवलंय का?’ असे सरळ विचारावे, आणि एकांतात. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या स्त्रीशी मराठीत, मुलाला दुभाषी करून बोलले, तर ओझ्याची भावना तिच्या तोंडून निघणे कठीण. ज्याच्यावर ओझे होतो असे वाटते, तोच समोर बसलेला असतो.

जोखमीतील व्यक्तीसोबत बसून लिहायचा सुरक्षा आराखडा (स्टॅन्ली व ब्राउन या मानसशास्त्रज्ञांचा) सहा पायऱ्यांचा आहे : धोक्याची पूर्वचिन्हे, स्वतः करता येणारे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसे व ठिकाणे, मदत मागता येईल अशी माणसे, व्यावसायिक मदत आणि परिसर सुरक्षित करणे. साथीत तिसरी पायरी कोलमडते, कारण देऊळ, चहाची टपरी, माहेर सारेच बंद असते. २०२० मध्ये तर पंढरीची पायी वारीही झाली नाही. तिथे ठरलेल्या वेळचा फोन लिहावा, आणि तो कोण करणार हेही. जास्तीची औषधे व कीटकनाशके विश्वासू माणसाच्या ताब्यात द्यावीत. फार अस्वस्थ असलेली व्यक्ती एकाएकी शांत झाली तर ती सावरली असे गृहीत धरू नये, तिला एकटे सोडू नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर येते. ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तिथे मराठीत बोलता येते.