जुन्या कीबोर्डला मिडी बसवायचा नाद आला कुठून

आज कुणीही उठतो, एक आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एक ऑप्टोकपलर (वायर न जोडता उजेडातून सिग्नल पलीकडे देणारी चिप) आणि चार रेझिस्टर घेतो आणि माळ्यावर पडलेल्या कीबोर्डला मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा, जोडून मोकळा होतो. हे इतकं सोपं का झालं याचं कारण १९८१ ते ८३ या काळात आहे, कारण तेव्हा कंपन्यांनी जे निर्णय निव्वळ पैसे वाचवायला घेतले त्यांच्याच जिवावर आपले आजचे सगळे उद्योग चाललेत.

त्याआधीचा कारभार सगळा व्होल्टेजवर चालायचा. सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूगने १९६४ च्या आसपास जी पद्धत रुळवली त्यात एका सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे एका सेमीटोनला साधारण ८३ मिलीव्होल्ट, आणि पट्टी दाबलीय की सोडलीय हे सांगायला वेगळी गेटची वायर. ऐकायला सोपंय, पण कॉर्ग आणि यामाहाने हर्ट्झला व्होल्ट असा वेगळाच हिशोब धरला, आणि मूगचा ट्रिगर, म्हणजे सूर सुरू करायचा सिग्नल, तर उलटा, वायर ग्राउंडला टेकली की सूर वाजणार. तालाच्या मशीनचीही तीच रड, रोलँडचा सिंक, म्हणजे ताल जुळवायचा सिग्नल, एका ठोक्याला २४ पल्स, कॉर्ग आणि लिनचा ४८, ओबरहाइमचा ९६. दोन कंपन्यांची वाद्यं एकत्र वाजवायची तर मधे काहीतरी डबा बनवून घ्यायलाच लागायचा, आणि माझ्या मते डीआयवायवाल्यांची, म्हणजे घरी स्वतः बनवणाऱ्यांची, खरी पहिली पिढी ही, हे मधले डबे बनवणारी.

आपल्याकडे मिडीच्या आधीच्या या काळाचं एकदम ठळक उदाहरण म्हणजे चरणजीत सिंग. हिंदी सिनेमात वाजवणारा मुंबईचा हा माणूस १९८२ मध्ये रोलँडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं मशीन आणि टीबी-३०३ हे बेसचं मशीन घेऊन बसला आणि डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून आख्खी रेकॉर्ड केली. तीन मशीन, आणि एकालाही मिडी नाही, कारण मिडी नावाची गोष्टच बाजारात यायची होती. तेव्हा रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही, बऱ्याच वर्षांनी परदेशातल्या लोकांना सापडली आणि मग गाजली.

तर १९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी अमेरिकन कंपन्यांना गाठून म्हणाले की बाबांनो, एक कॉमन काहीतरी ठरवू या. सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन कंपनीचा डेव्ह स्मिथ आणि त्याचा सहकारी चेट वुड यांनी त्याच वर्षी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात एक कच्चा प्रस्ताव मांडला. त्यात गिटारला असतो तसा जाडा जॅक होता आणि वेग १९.२ किलोबॉड, म्हणजे सेकंदाला १९,२०० बिट. मग जपानी कंपन्यांशी चर्चा होऊन त्याचं रूप बदललं, वेग ३१.२५ किलोबॉड झाला, आणि हा विचित्र वाटणारा आकडा कुठून आला तर १ मेगाहर्ट्झला ३२ ने भागलं की बरोबर ३१,२५० येतात, म्हणजे त्या काळच्या स्वस्त प्रोसेसरच्या क्लॉकमधून सरळ निघतो, वेगळा क्रिस्टल नको. कनेक्टर घेतला तो पाच पिनचा डिन, कारण टेपरेकॉर्डर आणि हायफायमुळे तो ढिगाने मिळत होता. जानेवारी १९८३ च्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून वाजवून दाखवले, ऑगस्टमध्ये मिडी १.० चा कागद बाहेर आला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लायसन्सची फी कुणी लावलीच नाही. यात कुणी रॉयल्टी मागितली असती तर घरगुती खटाटोप सुरूच झाला नसता असं मला ठाम वाटतं.

तेव्हाही टीका झालीच, की हे फार स्लो आहे. हिशोब करून बघा: एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद, आणि एक सूर वाजवायला ३ बाइट (हुकूम आणि चॅनेल, कुठला सूर, किती जोरात), म्हणजे जवळजवळ १ मिलीसेकंद. दहा बोटांनी कॉर्ड दाबला तर शेवटचा सूर ९-१० मिलीसेकंद उशिरा निघणार. टीका चुकीची नव्हती, पण वेग कमी म्हणूनच ८ बिटची किरकोळ चिपसुद्धा हे काम आरामात करते.

आता त्या सर्किटकडे जरा नीट बघा. मिडी इनला पिन ४ आणि ५ वर ५ मिलीअँपचा करंट येतो, २२० ओहमच्या रेझिस्टरमधून जातो आणि ऑप्टोकपलरच्या आतला एलईडी पेटवतो, पलीकडचा फोटोट्रान्झिस्टर ते बघून सिग्नल पुढे देतो. दोन वाद्यांचं ग्राउंड एकमेकांना लागतच नाही त्यामुळे स्टेजवर घूंऽऽ करणारा हम येत नाही. एलईडीला उलटा एक १एन४१४८ डायोड लावायचा, चुकून वायर उलटी लागली तर एलईडी वाचतो. ऑप्टोकपलर म्हणून लोक इथे ६एन१३८ वापरतात, साधा पीसी८१७ स्वस्त पडतो म्हणून लावला तर तो बंद व्हायला वेळ घेतो आणि बाइट गंडतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सॉकेट घेताना १८० अंशाचं बघून घ्या, दिसायला तसंच २४० अंशाचंही असतं आणि त्यात प्लग जात नाही.

मिडी आलं आणि आदल्या वर्षापर्यंत हजारो डॉलरला विकले जाणारे सिंथ (सिंथेसायझर) एका रात्रीत जुने झाले. टीबी-३०३ तर १९८४ मध्ये बंदच झालं, सेकंडहँडच्या दुकानात पडून होतं, तिथून ते शिकागोच्या पोरांनी स्वस्तात उचललं आणि १९८७ च्या सुमाराला त्यातून अ‍ॅसिड हाऊस हे नाचाचं संगीत निघालं. मग काय, किमती चढल्या आणि जुन्या मशीनला मिडी बसवून द्यायचा धंदाच उभा राहिला. इंग्लंडची केंटन ही कंपनी यातली नावाजलेली, ऑस्ट्रेलियात रॉबिन व्हिटलने ३०३ उघडून डेव्हिल फिश नावाचं मॉडिफिकेशन केलं. पण हे सगळं पैसेवाल्यांचं काम, आणि मूळ मशीनला ड्रिलने भोक पाडायला छाती लागते.

घरोघरी पोचायला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर, स्वस्त व्हावा लागला. जर्मनीच्या थॉर्स्टन क्लोजेने पिक चिपवर मिडीबॉक्स काढला आणि सगळी माहिती लोकांना खुली ठेवली, नॉब आणि फेडरचे कंट्रोलर लोक घरी बनवायला लागले ते तेव्हापासून. २००५ मध्ये लिमोर फ्रीडने ३०३ ची नक्कलच किट म्हणून आणली, मिडी आणि यूएसबी आतच. त्याच वर्षी इटलीत आर्डुइनो आलं. पुढे टीन्सी हा छोटा बोर्ड आल्यावर तर वाद्य थेट यूएसबीवर मिडी म्हणूनच दिसायला लागलं.

जुन्या कीबोर्डचं कंट्रोलर, म्हणजे फक्त मिडीचे हुकूम पाठवणारं वाद्य, करताना अडतं ते मॅट्रिक्सवर. ६१ पट्ट्यांना ६१ वायरी नसतात, ८ बाय ८ ची जाळी असते आणि चिप एकेक ओळ तपासत जाते. प्रत्येक पट्टीला डायोड नसेल तर ठरावीक तीन पट्ट्या दाबल्या की न दाबलेली चौथीही वाजते. आणि आर्डुइनो उनोवर कोड चढवताना मिडी इनची वायर काढायची, ती आणि यूएसबी एकाच सिरियल पिनवर असतात, हे विसरलात की एरर बघत बसा.

आपल्याकडे मिडी हा शब्द माहीत नसलेल्यांनीही मिडी वाजवलंय, ते ऑक्टापॅडवर. १९८५ च्या पहिल्या रोलँड ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता, आठ पॅड आणि मागे मिडी आउट, आवाज दुसऱ्या मशीनमधून. नंतरच्या काही मॉडेलांमध्ये आवाज आत आले आणि ऑर्केस्ट्रापासून वरातीपर्यंत ते सगळीकडे पोचलं.

पेटीला मिडी बसवायची हौस अनेकांना असते, आणि तिथे मिडीचा पियानोवाला स्वभाव आडवा येतो. मिडी धरून चालतं की पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा, त्यासाठी दोन कॉन्टॅक्टमधला वेळ मोजतात. पेटीत पट्टी कशीही दाबा, जोर भात्याचा. म्हणजे पट्टीचा जोर एका आकड्यावर बांधून टाकायचा आणि भात्याजवळ प्रेशर सेन्सर लावून तो एक्स्प्रेशनला, म्हणजे कंट्रोलर ११ ला द्यायचा, हे मला जास्त बरोबर वाटतं. मींड हवी तर पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचा हुकूम, आहे, पण तो आख्ख्या चॅनेलला लागतो, खालचा धरलेला षड्जही सोबत सरकतो. यावर प्रत्येक सुराला वेगळं चॅनेल द्यायची पद्धत २०१८ मध्ये एमपीई म्हणून अधिकृत झाली, आणि २०२० च्या मिडी २.० मध्ये प्रत्येक सुराचा स्वतंत्र बेंड आहेच, फक्त तो पाच पिनच्या जुन्या केबलवरून जात नाही, त्यामुळे सोल्डरिंग गन घेऊन बसणारे अजून १.० वरच आहेत.