झाशीला उतरायचं की ग्वाल्हेरला?

झाशी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "राणीच्या समाधीकडे चला" म्हटलं, तर तो हसला. "वो तो ग्वालियर में है, भैया." आईने पुण्याहून ओल्या रुमालात गुंडाळून शेवंतीची फुलं आणली होती. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी गपचूप किल्ल्याचं भाडं ठरवलं.

हा घोळ फक्त आमच्याच घरचा नाही. 'झाशीची राणी' म्हटलं की तिचं सगळंच झाशीत असणार, असं आपण धरून चालतो. त्यात दोन्ही गावांना किल्ला आहे, दोन्हीकडे मराठी घराण्यांनी राज्य केलं, आणि दोन्ही गावं मुंबई-भोपाळ-दिल्ली या एकाच मार्गावर लागोपाठ येतात. मधलं अंतर ९७ किलोमीटर, गाडीने सव्वा-दीड तास. राणीला मात्र हेच अंतर काटायला अडीच महिने लागले होते. १८५८च्या एप्रिलमध्ये तिने रातोरात झाशी सोडली, ती आधी काल्पीला गेली, आणि ग्वाल्हेरजवळच्या लढाईत जूनमध्ये पडली. राज्य झाशीत, समाधी ग्वाल्हेरात. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

उरलेला निम्मा मुक्कामाचा. मुंबई-पुण्याहून दिल्ली दीड हजार किलोमीटरच्या आसपास पडते. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असली की सलग चोवीस-पंचवीस तास अंगावर येतात, म्हणून मध्ये एक रात्र काढायची टूम निघते. नकाशात बघून लोक भोपाळ सुचवतात. पण संध्याकाळी मुंबईहून सुटणारी पंजाब मेल काय किंवा पुण्याची झेलम काय, भोपाळ येतं सकाळी. नुकतीच झोप झालेली असते, चहा आलेला असतो, अशा वेळी सामान काढून कोण उतरतं? झाशी-ग्वाल्हेर मात्र दुपारी येतात, नेमके पाय आखडल्यावर. उरलेली संध्याकाळ गाव बघायचं, रात्री आडवं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तीन-चार तासांत दिल्ली. गोवा एक्स्प्रेसने निघालात तर हे गणित चुकतं, कारण ती या पट्ट्यात भर रात्री पोचते. वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा तिकीट काढताना पोचायची वेळ आधी बघा आणि गाव नंतर ठरवा.

आता झाशी. शहर तसं लहान, आणि बघण्यासारखं बरंचसं किल्ल्याच्या अवतीभवती. किल्ला मुळात ओरछ्याच्या बुंदेला राजाने, बीरसिंह देवाने, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. पुढे छत्रसालाकडून बाजीरावाला जो मुलूख मिळाला त्यात झाशी आली. पेशव्यांच्या नारो शंकरने किल्ला वाढवला, आणि मग नेवाळकर आले, म्हणजे रत्नागिरीकडचं घराणं. वर 'कडक बिजली' तोफ आहे. पाठीशी मूल बांधून राणीने घोड्यावरून उडी घेतली ती जागाही दाखवतात. खाली वाकून बघितलं की माझ्यासारख्याला शंका येते, पण आईसमोर ती बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. खाली गावात राणीमहाल आहे, तिथे जुन्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. लक्ष्मी तलावाजवळ राणीच्या नवऱ्याची, गंगाधररावांची छत्री, म्हणजे समाधीवरची घुमटी. शेवंतीची फुलं शेवटी तिथे वाहिली.

हे सगळं तीन-चार तासांत आटपतं. मग झाशीला रात्र का काढायची? माझं उत्तर असं, की झाशीत काढायचीच नाही. झाशीला उतरायचं आणि राहायचं ओरछ्याला. रिक्षाने अर्धा-पाऊण तास, साधारण सोळा-सतरा किलोमीटर. झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशात, पण ते पाटी वाचली तरच कळतं. ओरछ्याला बेतवा नदी आहे, काठावर बुंदेला राजांच्या छत्र्यांची रांग आहे, जहांगीर महाल आहे, आणि रामराजाचं देऊळ आहे. या देवळात राम देव म्हणून नाही तर राजा म्हणून बसलेला आहे, त्यामुळे पोलीस त्याला रीतसर बंदुकीची सलामी देतात. संध्याकाळच्या आरतीला ते बघावं. रात्री गाव शांत होतं, स्टेशनालगतच्या हॉटेलातल्यासारखी भोंग्यांनी झोपमोड होत नाही. एका रात्रीत मनासारखी विश्रांती हवी असेल तर या पट्ट्यात मला तरी दुसरी जागा दिसत नाही.

ग्वाल्हेरचा प्रकार अगदी उलटा आहे. तिथे विश्रांती विसरा, बघायलाच वेळ पुरत नाही. किल्ला म्हणजे अडीच-तीन किलोमीटर लांबीचं उभ्या कड्यांचं पठार. पूर्वेच्या दरवाजाने पायी चढायचं, पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाडी वर जाते. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर उरवाईच धरा. त्याच वाटेवर खडकात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती लागतात. वर मानसिंह तोमराचा महाल आहे. निळ्या फरशांवर पिवळ्या बदकांची रांग, पाचशे वर्षांनंतरही रंग तसाच. सासबहू मंदिरं, तेली का मंदिर, गुरु हरगोविंदांचा गुरुद्वारा, सगळं वरच. आणि पायी वाटेवर एक छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे, जे बहुतेक लोक न बघता पुढे जातात. त्यातल्या इसवी सन ८७६च्या शिलालेखात २७० हा आकडा आपण आज लिहितो तसं वाटोळं शून्य घालून कोरलेला आहे. आमच्या रिक्षावाल्याला ते ठाऊक नव्हतं. मंदिर शोधायला वीस मिनिटं गेली, आणि ती वीस मिनिटं मला किल्ल्यातल्या बाकी सगळ्याहून जास्त आवडली.

मराठी माणसाला ग्वाल्हेर ओळखीचं वाटतं ते मात्र खालच्या गावात. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास इथे पडली आणि छावणीचंच शहर झालं, म्हणून त्या भागाचं नाव आजही लष्कर. तिथे मराठी घरं अजून आहेत. शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे आणि साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं. रेल्वेच्या वेडापायी प्रवास करणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. शिंद्यांनीच घातलेली दोन फुटी छोटी लाईन ग्वाल्हेर ते श्योपूर दोनशे किलोमीटर धावायची. ती २०२०ला बंद झाली, आता तिथे मोठी लाईन होते आहे. मी तिच्यात बसायचं बसायचं म्हणत राहिलो आणि राहून गेलं.

गाणं ऐकणाऱ्यांना तर ग्वाल्हेरला उतरण्यावाचून गत्यंतरच नाही. महंमद घौसच्या मोठ्या मकबऱ्याशेजारी तानसेनची साधी कबर आहे. आणि ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथून शिकून महाराष्ट्रात घेऊन आले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य. मिरजेपासून पुण्यापर्यंत जे ख्यालगायन रुजलं त्याची एक मोठी मुळी या गावात आहे. राणीची समाधी स्टेशनपासून जवळच, फूलबागेत. पुढच्या खेपेला आम्ही तिथे गेलो, तेव्हा आईने ताजी फुलं तिथल्याच बाहेरच्या टोपलीवाल्याकडून घेतली.

म्हणून माझा हिशेब असा. दुपारी पोचून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पायपीट करायची तयारी असेल तर ग्वाल्हेर. अंधार पडल्यावर पोचणार असाल, माणसं थकलेली असतील, किंवा पुढे खजुराहोकडे वळायचं असेल तर झाशी, म्हणजेच ओरछा. सोमवारी ग्वाल्हेरला उतरणाऱ्यांनी गुजरी महालातलं संग्रहालय बंद असतं हे धरून चालावं.

तिकिटाचं थोडं. रेल्वेत 'ब्रेक जर्नी' नावाची जुनी सोय आहे. तिकीट ५०० किलोमीटरच्या वरचं असेल तर पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर मध्ये उतरता येतं, हजारांच्या वरच्या तिकिटावर दोनदा. उतरल्यावर स्टेशन मास्तर किंवा तिकीट तपासनीसाकडून तिकिटावर शेरा घ्यायचा. लांबच्या तिकिटाचा दर किलोमीटरमागे कमी पडत जातो, म्हणून ते स्वस्त. पण राजधानी-शताब्दीला ही सोय नाही, आणि पुढच्या टप्प्याचं आरक्षण खिडकीवर आधीच सांगून घ्यावं लागतं. मी सरळ दोन तिकिटं काढतो. मुंबई ते ग्वाल्हेर स्लीपर किंवा थ्री टियर, पुढे दिल्लीपर्यंत खुर्चीची गाडी. थोडे पैसे जास्त जातात, पण पहिली गाडी कितीही रखडली तरी दुसरं तिकीट उद्याचं असतं.

सामान स्टेशनवरच्या 'अमानती सामान घर' या पाटीखाली ठेवता येतं, फक्त बॅगेला कुलूप हवं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास उशिरा येतात, म्हणजे परतीच्या वाटेवर ग्वाल्हेरला दुपारी उतरायचा बेत मध्यरात्रीवर जाऊ शकतो. मे-जूनला किल्ल्याचा दगड असा तापतो की दहा वाजल्यानंतर वर उभं राहवत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस गेलात तर बरं, तोवर गजक, म्हणजे इकडची तीळगुळाची खुसखुशीत मिठाई, तीही बाजारात आलेली असते.