साभार आणि परवानगी: ऐतिहासिक स्थळांवर ज्ञानकोशीय लेख लिहू पाहणाऱ्यांसाठी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा यादीत समाविष्ट केला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे कोकण किनाऱ्यावरचे चार सागरी किल्ले असल्यामुळे आपल्या गावाजवळच्या किल्ल्याबद्दल, बंदराबद्दल किंवा देवळाबद्दल मराठी विकिपीडियावर काही लिहावे, अशी इच्छा असणाऱ्यांना चांगले निमित्त मिळाले. अशा नवख्या लेखकाचा पहिला लेख बहुधा एकाच पद्धतीने तयार होतो. मजकूर देवस्थानाच्या पुस्तिकेतून किंवा एखाद्या पर्यटनविषयक संकेतस्थळावरून जसाच्या तसा उतरविलेला असतो, छायाचित्र गुगलवरून घेतलेले असते आणि शेवटी ‘साभार’ असे लिहून मूळ लेखकाचे नाव दिलेले असते. लेख काढून टाकला गेला की तक्रार येते, ‘मी तर नाव दिले होते!’ तक्रार मनापासूनची असते, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते.

कॉपीराइट, अर्थात प्रताधिकार, हा ‘हे वापरू का?’ या प्रश्नाशी बांधलेला आहे, तर श्रेय हे ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिल्या प्रश्नाला परवानगी लागते, मग ती मालकाने दिलेली असो किंवा कायद्याने. दुसऱ्याला केवळ प्रामाणिकपणा पुरतो. शेजाऱ्याच्या बागेतले हापूस न विचारता उतरवायचे आणि पेटीवर मात्र त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहायचे, तसा ‘साभार’ लिहून केलेल्या नकलेचा प्रकार असतो. नाव दिल्याने चोरी झाकली जात नाही, उलट माल कोणाचा हे ठाऊक असूनही विचारले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

याच्या उलट बाजूची चूक अधिक प्रमाणात होते आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा खंड १८८० साली, तर कुलाबा आणि जंजिऱ्यावरचा १८८३ साली निघाला. दोन्हींवरचा प्रताधिकार केव्हाच संपला आहे. त्यांतील कोणताही उतारा कोणालाही न विचारता घेता येतो, त्याचे भाषांतर करता येते, हवे तर छापून विकताही येते. म्हणून काही जण तो उतारा स्वतःच्या वाक्यांप्रमाणे लेखात सोडून देतात. कायद्याने त्यांचे काही बिघडत नाही, पण वाचकाचे बिघडते. एखाद्या बंदरातल्या व्यापाराचे किंवा एखाद्या जातीच्या स्वभावाचे वर्णन एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश प्रशासनाच्या नजरेतून झालेले आहे, हे त्याला कळत नाही आणि दीडशे वर्षांपूर्वीचे मत आजचे सत्य म्हणून त्याच्या गळी उतरते. ज्ञानकोशाच्या दृष्टीने मला ही चूक पहिलीपेक्षा गंभीर वाटते, कारण बेकायदा मजकूर कोणीतरी शोधून काढतो, पण बेनामी मजकूर वर्षानुवर्षे तसाच राहतो.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या आयुष्यभर आणि त्याच्या निधनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६५ साली निधन झालेल्या लेखकाचे असे लेखन १ जानेवारी २०२६ पासून मुक्त झाले. सरकारी प्रकाशनांची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजली जातात. यावरून एक गोष्ट लक्षात यावी, की किल्ल्याच्या दाराशी पुरातत्त्व खात्याने लावलेल्या फलकावरचा मजकूर सरकारी असला, तरी तेवढ्याने तो सर्वांच्या मालकीचा होत नाही. बखरींच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची असल्यामुळे तिच्या मूळ मजकुरावर आज कोणाचाही हक्क नाही. परंतु तिच्या अलीकडच्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना, टिपा आणि आधुनिक मराठीतले रूपांतर हे त्या त्या अभ्यासकाचे असते आणि तेथे मुदत पुन्हा नव्याने मोजावी लागते.

हक्क कशावर असतो, हे कळल्याशिवाय या साऱ्याचा उपयोग नाही. सिंधुदुर्ग मालवणजवळच्या कुरटे बेटावर आहे आणि त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, ही माहिती कोणाच्याही मालकीची नाही. ती शंभर पुस्तकांत असेल आणि एकशे एकाव्यातही निर्धास्तपणे लिहिता येईल. हक्क असतो तो ती माहिती ज्या शब्दांत आणि ज्या रचनेत मांडली त्यावर. समजा, एखाद्या पुस्तिकेत असे वाक्य आहे: ‘अथांग सागराच्या लाटांचे घाव छातीवर झेलीत, शिवरायांच्या दूरदृष्टीची साक्ष देत हा दुर्ग आजही दिमाखात उभा आहे.’ नवखा लेखक ते असे बदलतो: ‘अफाट समुद्राच्या लाटांचे तडाखे अंगावर घेत, महाराजांच्या दूरदृष्टीची ग्वाही देत हा किल्ला आजही डौलात उभा आहे.’ सागराचा समुद्र झाला, घावांचे तडाखे झाले, साक्षीची ग्वाही झाली, पण वाक्याचा सांगाडा जागचा हललेला नाही. ही नक्कलच आहे. खरे म्हणजे ज्ञानकोशाने घ्यावे असे त्या मूळ वाक्यात काही नव्हतेच, कारण किल्ला समुद्रात आहे आणि उभा आहे, याखेरीज त्यात माहिती नाही. म्हणून पुस्तिका वाचून मिटावी, त्यातली सने, नावे, मापे आणि घटना तेवढ्या टिपून घ्याव्यात, त्या दुसऱ्या एखाद्या स्रोताशी ताडून पाहाव्यात आणि मग स्वतःची वाक्ये लिहावीत, हा सगळ्यात निर्धोक मार्ग. अशा लेखनाला परवानगी लागत नाही. संदर्भ मात्र द्यावाच लागतो.

हा संदर्भ म्हणजे केवळ सौजन्य नव्हे, याचे चांगले उदाहरण विजयदुर्गाचे आहे. हेलियमचा शोध या किल्ल्यावरून लागला, असे विधान मराठीत अनेक ठिकाणी आढळते आणि प्रत्येक ठिकाणी ते दुसऱ्या कोठून तरी उचललेले असते. मुळाशी गेले, तर असे दिसते की फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण गुंटूरहून पाहिले आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून नोंदविली. एकमेकांवरून उतरविलेली दहा संकेतस्थळे मिळून एकही संदर्भ होत नाही. (गावच्या अभिमानापोटी हे विधान लेखात ठेवावे, असा आग्रह धरणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याकडे स्रोत मागावा.)

छायाचित्रांत लोकांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो, तरी नियम फारसे अवघड नाहीत. सर्वसाधारणपणे ज्याने छायाचित्र टिपले त्याचा हक्क. ते तुमच्या व्हॉट्सॲपवर आले किंवा त्यात तुम्ही स्वतः उभे आहात, म्हणून ते तुमचे होत नाही. स्वतः काढलेले तटबंदीचे, बुरुजाचे किंवा देवळाच्या दीपमाळेचे छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची छायाचित्रे जेथे साठविली जातात त्या मुक्त संग्रहात, खुशाल चढवावे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या इमारती आणि शिल्पे यांची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करण्याची मुभा कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. चित्रांना मात्र ही मुभा नाही. त्यामुळे जेटीवरच्या पुतळ्याचे छायाचित्र चालेल, पण त्याच जेटीवर एखाद्या स्थानिक चित्रकाराने रंगविलेला किल्ल्याचा नकाशा टिपून चढविला, तर तो काढला जाईल, मग खाली चित्रकाराचे नाव कितीही आदराने लिहिलेले असो.

कायद्याने श्रेयालाही थोडे स्थान दिले आहे. कलम ५७ नुसार लेखकाने सर्व हक्क विकून टाकले, तरी ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. शिवाय विकिपीडियाचा स्वतःचा परवानाच श्रेयाच्या अटीवर उभा आहे. तेथील मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, पण श्रेय द्यावे आणि पुढेही तो त्याच परवान्याखाली ठेवावा, अशी ती अट आहे. म्हणूनच इंग्रजी विकिपीडियावरील जंजिऱ्याच्या लेखाचे भाषांतर करताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही, पण बदलाच्या सारांशात मूळ लेखाचे नाव आणि दुवा न देता ते जतन केले, तर परवान्याचा भंग होतो. येथे श्रेय हीच वापराची किंमत आहे, आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत असा समज बहुधा येथूनच पसरला असावा.

देवस्थानाच्या पुस्तिकेतील स्थळपुराण किंवा विश्वस्तांकडील जुनी छायाचित्रे खरोखरच जशीच्या तशी हवी असतील, तर विश्वस्तांकडे जावे. ‘वापरा की, आमची काही हरकत नाही’ हे तोंडी उत्तर पुरत नाही. ‘फक्त विकिपीडियासाठी’ किंवा ‘व्यापारी वापर वगळून’ दिलेली परवानगीही चालत नाही, कारण त्या अटी विकिपीडियाच्या परवान्याशी जुळत नाहीत. मजकूर कोणत्या मुक्त परवान्याखाली देत आहोत, हे हक्कधारकाने स्वतःच्या ईमेलवरून विकिमीडियाच्या स्वयंसेवक चमूला स्पष्ट कळवावे लागते. त्याआधी पुस्तिकेचा लेखक कोण आणि त्याने आपले हक्क देवस्थानाला दिले होते काय, हे विश्वस्तांनाच विचारून घ्यावे, कारण अशा पुस्तिका पुष्कळदा गावातल्या एखाद्या शिक्षकाने हौसेने लिहून दिलेल्या असतात आणि मग परवानगी त्याची किंवा त्याच्या वारसांची लागते.